घरातला धूमकेतू : जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांतील पात्रे आणि जीवनमूल्यांचा प्रश्न

मराठी विज्ञानकथेवर एक आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. या कथांतील माणसे माणसे नसतात, ती नावे धारण केलेली प्रमेये असतात. एक शास्त्रज्ञ समजावून सांगतो, दुसरा कोणी तरी ऐकतो आणि वाचकाच्या पदरात थोडेसे भौतिकशास्त्र पडते, असा त्या आक्षेपाचा आशय. तो सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मासिकांच्या दिवाळी अंकांतून आलेल्या कितीतरी विज्ञानकथा या वर्णनात चपखल बसतात. परंतु हा आक्षेप ज्या मापाने घेतला जातो ते माप नवकथेने घडविलेले आहे, याचा विसर पडू देता कामा नये. गाडगीळ-गोखले-भाव्यांच्या पिढीने मराठी वाचकाला पात्राच्या मनाचा तळ शोधायला शिकविले. संज्ञाप्रवाह, आठवणींची गुंतागुंत, न बोललेल्या वाक्यांचा ताण ही पात्राच्या जिवंतपणाची खूण ठरली. विज्ञानकथेत ही खूण फारशी सापडत नाही, हे उघड आहे. तिथे पात्राला एका कल्पित परंतु नियमबद्ध परिस्थितीत उभे केले जाते आणि त्याने काय निवडले एवढेच पाहिले जाते. माणूस कशाला जीवनात पहिले स्थान देतो आणि कशावर पाणी सोडतो, हे त्या निवडीत दिसते. म्हणून या कथांतील व्यक्तिचित्रणाचा विचार करावयाचा तर तो निवडीच्या क्षणापाशी थांबून करावा लागतो, आणि हा क्षण बहुतेक वेळा लेखक दोनचार ओळींत उरकून टाकतो हीच अभ्यासकाची खरी अडचण असते.

जयंत विष्णु नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या कथा या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट करून घेतलेले हे टोपणनाव, आपल्या कीर्तीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून योजलेले. ही हकीकत मराठी वाचकांना सुपरिचित आहे. इथे ती सांगण्याचे कारण इतकेच की निःपक्ष चाचणीविषयीचा हा आग्रह, म्हणजे चाचणी देणाऱ्याचे नाव चाचणीच्या निकालात मिसळू न देणे, हे नारळीकरांचे एक मूलभूत जीवनमूल्य होते आणि त्यांच्या पात्रांना ते सर्वत्र पेलवलेले नाही. पुढे २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानसाहित्याला मुख्य प्रवाहाने मान्यता दिली असे अनेकांनी म्हटले. मान्यता मिळाली हे खरे. कथांचे बारकाईने वाचन त्या मानाने कमीच झाले.

‘धूमकेतू’ ही कथा घ्यावी. कोलकात्यात राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले दत्तदा हौशी आकाशनिरीक्षक आहेत. आठ इंची दुर्बीण त्यांनी हौसेने घेतली आहे, रात्रीच्या रात्री ते गच्चीवर काढतात, आणि पत्नी इंद्राणीदेवी त्या दुर्बिणीला सवत मानते. एके रात्री दत्तदांना नवा धूमकेतू सापडतो. बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेकडून त्याला दुजोरा मिळतो, धूमकेतूला दत्तदांचे नाव दिले जाते, आणि एका अबोल माणसाच्या वाट्याला नको असलेली प्रसिद्धी येते. इंद्राणीदेवींना मात्र धूमकेतू म्हणजे अपशकुन वाटतो. आपल्या सज्जन नवऱ्याचे नाव अशा अशुभाशी जोडले जावे याचे त्यांना दुःख होते. पुढे इंग्लंडमधील एका शास्त्रज्ञाच्या गणितातून निष्पन्न होते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. ही बातमी दडपली जाते. निवडक तज्ज्ञांची गुप्त बैठक इंग्लंडमध्ये भरते, दत्तदांना तिचे आमंत्रण मिळते, अण्वस्त्रे घेतलेले यान पाठवून धूमकेतूचा मार्ग बदलण्याची योजना ठरते, आणि दत्तदा गुप्ततेची शपथ घेऊन घरी परततात. घरी इंद्राणीदेवींनी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ मांडलेला असतो. दत्तदा संतापतात. यानाची योजना यशस्वी होते, पृथ्वी वाचते, आणि इंद्राणीदेवींच्या लेखी ती यज्ञाने वाचलेली असते.

कथेचा हेतू स्पष्ट आहे. विज्ञान आणि अंधश्रद्धा या दोन जीवनदृष्टी एका छपराखाली आणून त्यांच्यामधील दरी दाखवावयाची, आणि ती दरी बुजायला किती काळ लागेल या विषादावर कथा सोडून द्यावयाची. शाळेतील शिक्षक ही कथा याच रीतीने शिकवितात, आणि लेखकालाही तेच अभिप्रेत असावे. परंतु दोन्ही पात्रांच्या निवडी शेजारी ठेवून पाहिल्या की कथा हेतूपेक्षा अधिक काही सांगू लागते.

इंद्राणीदेवींना काय ठाऊक आहे? धूमकेतू येतो आहे, नवऱ्याचे नाव त्याला लागले आहे, आणि नवरा अचानक परदेशी जाऊन अस्वस्थ होऊन परत आला आहे. धोक्याची माहिती त्यांच्यापासून राखून ठेवलेली आहे. भीतीचे खरे कारण ज्यांना माहीत आहे त्यांनी ते सांगितलेले नाही. ज्यांना सांगितलेले नाही त्यांनी परंपरेने हाती दिलेले साधन वापरले आहे. म्हणजे कथेतील विवेकवादी गोटाने जगाला विवेकाने वागण्याची संधीच नाकारली आहे. लोक घाबरतील, गोंधळ माजेल, हे गुप्ततेचे समर्थन दत्तदा मुकाट्याने स्वीकारतात. सत्य सांगितले पाहिजे या मूल्यापेक्षा व्यवस्था टिकली पाहिजे हे मूल्य त्यांना इथे श्रेष्ठ वाटते. ही निवड कथेत नाट्यमय केलेली नाही, तिच्याविषयी दत्तदांच्या मनात चलबिचल दिसत नाही, आणि म्हणूनच ती बोलकी आहे. जो माणूस पत्नीच्या यज्ञावर संतापतो तोच माणूस त्या यज्ञाला कारणीभूत असलेल्या अज्ञानाचा राखणदार आहे. दत्तदांचा राग काहीसा अपराधी भावनेतून आलेला आहे असे वाचले तर त्यांचे पात्र एकदम गोलाई धारण करते. कथेचा निवेदक तसे सुचवीत नाही. कथा तसे वाचू देते.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. यान आणि यज्ञ हे दोन उपाय एकाच काळात योजले गेले. निकाल एकच लागला. कथेबाहेरच्या वाचकाला यानाचा कार्यकारणभाव माहीत आहे, पण इंद्राणीदेवींच्या जागेवरून पाहता दोन्ही दावे सारख्याच अंतरावर आहेत: एक पुरोहिताने सांगितलेला, दुसरा दूरच्या साहेबाने कळविलेला. हा फरक शिकविण्याचे काम दत्तदांचे होते आणि ते त्यांनी केले नाही. नारळीकरांनी स्वतः मात्र प्रत्यक्ष जीवनात ते केले. २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने त्यांनी फलज्योतिषाची एक सांख्यिकीय चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या मिळून दोनशे पत्रिका जमा केल्या, प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस पत्रिका दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील हे ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. बरोबर ठरण्याचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहून थोडे कमीच. या प्रयोगातील सौंदर्य निकालात नसून अटींत आहे. विरोधी मताच्या माणसाला आधी नियम सांगितले, त्याची संमती घेतली, मग चाचणी घेतली. या सौजन्यास इंद्राणीदेवी कथेत पारख्या झाल्या आहेत. लेखक नारळीकरांपेक्षा प्रयोगकर्ते नारळीकर प्रतिपक्षाशी अधिक न्यायाने वागले, असे या ठिकाणी म्हणावे लागते.

तुलनात्मक अभ्यासाला इथे एक मोठे घबाड सापडते. मराठी लेखकाने ही कथा बंगाली घरात का घडविली? तसे करण्याची कथानकाला गरज नव्हती. पुण्याच्या सदाशिव पेठेतही असे जोडपे मिळाले असते. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की ‘धूमकेतू’ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेच्या शेजारी जाऊन बसली. १८९६ मध्ये ‘कुंतलीन’ केशतेलाच्या कथास्पर्धेत पारितोषिक मिळविलेली आणि पुढे ‘अव्यक्त’ (१९२१) या संग्रहात ‘पलातक तुफान’ या नावाने सुधारून आलेली ती कथा भारतीय विज्ञानकथेच्या आरंभीच्या टप्प्यावरची मानली जाते. तिथेही कोलकात्यावर संकट येणार असल्याचे भाकीत आहे, तिथेही ते येत नाही, आणि तिथेही ते का आले नाही याविषयी मतांतरे आहेत. वादळ शमते ते बोटीवरच्या प्रवाशाने समुद्रात ओतलेल्या केशतेलाने. ती बाटली त्याच्या मुलीने सामानात ठेवलेली असते. पृष्ठताणाचे शास्त्र घरातल्या बाटलीतून समुद्रावर पसरते आणि हवामानखात्याचे विद्वान डोके खाजवीत बसतात. बोसांच्या कथेत घर आणि प्रयोगशाळा एकाच बाजूला आहेत, आणि बाहेरची अधिकृत, वसाहती विद्वत्ता दुसऱ्या बाजूला. नारळीकरांच्या कथेत रेषा घराच्या मधोमध ओढली गेली आहे: गच्ची विज्ञानाची, देवघर अंधश्रद्धेचे. या ऐंशीएक वर्षांत भारतीय शास्त्रज्ञ अधिकृत विद्वत्तेच्या आत गेला, गुप्त बैठकीचा सभासद झाला, आणि घरी परका झाला. बोसांची मुलगी आणि इंद्राणीदेवी या दोघी एकमेकींसमोर ठेवल्याशिवाय हा पालट लक्षात येत नाही.

सत्यजित राय यांनी हा प्रश्नच टाळला. त्यांचे प्रोफेसर शंकू गिरिडीहला राहतात, सोबतीला प्रह्लाद हा नोकर आणि न्यूटन नावाचे मांजर. जगभरचे शास्त्रज्ञ त्यांचे मित्र आहेत, घरात मात्र वाद घालणारे कोणी नाही. वेल्सच्या कालप्रवाशाचेही तसेच. त्याच्या जेवणाच्या मेजाभोवती सगळे पुरुष पाहुणे. विज्ञानकथेच्या नायकाला संसार नसतो ही जवळजवळ जागतिक रूढी आहे, आणि नारळीकरांनी ती मोडली हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. पत्नी, मुले, शेजारी, सभा, क्रिकेटचे सामने यांनी त्यांच्या कथा गजबजलेल्या असतात. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडते तेव्हा वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ चिंतेत आहे आणि पत्रकार राजीव शहाची मुले बर्फात खेळत आहेत, संकटाची दोन मूल्यमापने एकाच दृश्यात, एका शब्दाच्याही टिप्पणीविना. मध्यमवर्गीय मराठी संसाराची ही ओळख लेखकाच्या लेखणीत सहज उतरलेली आहे.

पण संसार आणला तरी त्यातील स्त्रीच्या निर्णयाला कथानकात वजन दिले का? स्टानिस्लाव लेम यांच्या ‘सोलारिस’शी (१९६१) तुलना केली की उत्तर कठोर येते. तिथे केल्व्हिनची मृत पत्नी हारे अवकाशस्थानकावर पुन्हा अवतरते. ती माणूस आहे की त्या ग्रहाने घडविलेली प्रतिमा, हा प्रश्न तीन शास्त्रज्ञांना तीन दिशांनी ओढतो. सार्टोरियसला ती नष्ट करण्याजोगी घटना वाटते, केल्व्हिनला प्रेम करण्याजोगी व्यक्ती. अखेरचा निर्णय मात्र हारे स्वतः घेते आणि स्वतःचा विलय पत्करते. जिच्या मनुष्यत्वाविषयीच शंका होती तिने सर्वांत मानवी निवड केली. इंद्राणीदेवींच्या मनुष्यत्वाविषयी कोणालाच शंका नाही, पण त्यांनी काहीही केले असते तरी धूमकेतूचा मार्ग त्याच रीतीने बदलला असता. त्यांची कृती कथेत केवळ उदाहरण म्हणून उरते. मूल्यसंघर्षातील एका पक्षाला परिणामाचा हक्क नाकारला की त्या संघर्षाला प्रवचनाचा रंग चढतो. ‘धूमकेतू’ त्या रंगातून थोडक्यात वाचली आहे, आणि वाचली ती दत्तदांच्या गुप्ततेच्या शपथेमुळे.

‘वामन परत न आला’ या कादंबरीचा इथे ओझरता उल्लेख पुरे. जमिनीत पुरलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो आणि तो आपल्यासारखे आणखी निर्माण करू इच्छितो, हे तिचे सूत्र. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातही यंत्रमानवांना पुनरुत्पादनाचे रहस्य हवे असते. तिथे हेलेना ते कागद जाळून टाकते. नारळीकरांनी त्याच पेचाला बळी-वामनाच्या आख्यानाचे नाव दिले आणि एका शब्दात मूल्यव्यवस्था उलटी केली. पुराणातला वामन देव आहे आणि फसविला जातो तो दानशूर असुर. यंत्राला वामन म्हटले की माणूस बळीच्या जागी येतो: उदार, गर्विष्ठ, आणि तिसरे पाऊल कुठे पडणार हे न ओळखणारा. नावाची ही निवड कादंबरीतल्या शास्त्रज्ञांच्या संवादांहून अधिक खोल आहे.

‘पुत्रवती भव’ या कथेचे शीर्षकही असेच. अपत्याचे लिंग आधी ठरविता आले तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. आणि शीर्षक म्हणजे नवविवाहितेला दिला जाणारा आशीर्वाद. कथा लिहिली गेली तेव्हा हे कल्पित होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, १९९४ मध्ये तो केंद्राने केला. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे पंजाबात ७९८ मुली होत्या. २०११ मध्ये तो आकडा ८४६ झाला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. विज्ञानकथा भविष्य वर्तविते असे म्हणण्याची रीत आहे. या कथेपुरते बोलायचे तर तिने भविष्य वर्तविले नाही, आशीर्वादाचा शब्दशः अर्थ लावला.

आता ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकरांच्या कथांत व्यक्तिरेखेच्या दृष्टीने ही सर्वांत समृद्ध, आणि गंमत अशी की ती विनोदी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे सभांचे अध्यक्षपद भूषविण्यात रमलेले. हजाराव्या अध्यक्षीय भाषणाकडे त्यांची वाटचाल चालू आहे. पानिपतच्या लढाईचा निकाल वेगळा लागला असता तर, या विचारात असताना पुण्यात त्यांना अपघात होतो आणि ते अशा जगात पोहोचतात जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. मराठे जिंकले आहेत, कंपनी मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या आसपास आक्रसून राहिली आहे, आणि पुण्याहून मुंबईला येणाऱ्या जिजामाता एक्सप्रेसमध्ये सरहद्दीवर परवाने तपासले जातात.

मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत प्रथम आपल्या मुलाचा शोध घेतात. फोर्ब्जच्या कचेरीत जाऊन विनय गायतोंडे यांची चौकशी करतात. तेथील स्वागतिका याद्या चाळून सांगते की या नावाचे कोणी इथे नाही. मुलगा या जगात जन्मलाच नसेल, कदाचित आपणही इथे नसू, असा विचार त्यांच्या मनात येतो, आणि ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची वाट धरतात. साऱ्या कथेचा कणा या दहापाच ओळींत आहे. ज्या बापाला नुकतेच कळले की आपला मुलगा अस्तित्वात नाही, तो इतिहासाचे खंड काढून पाने उलटू लागतो, आणि ‘भाऊसाहेबांची बखर’ हाती येताच त्याचे भान हरपते. नवकथाकाराने या क्षणावर चार पाने खर्च केली असती. नारळीकर पुढे जातात, आणि त्यामुळे गंगाधरपंत अधिक स्पष्ट दिसतात. इतिहास कसा घडला हे जाणणे त्यांना पुत्राहून मोठे आहे. किंवा असे म्हणावे की पुत्राचे नसणे हाही त्यांच्या लेखी इतिहासाचाच एक तपशील आहे. या मूल्याला क्रूर म्हणावे की निर्मळ, याचा निवाडा कथा करीत नाही. दत्तदांच्या कथेत जो तोल गेला तो इथे सांभाळला गेला आहे, बहुधा विनोदामुळे. आपल्याच जातीच्या माणसावर, म्हणजे ज्ञानाने झपाटलेल्या प्राध्यापकावर, हसताना लेखकाचा हात अधिक मोकळा चालतो.

त्यानंतरचा आझाद मैदानावरील प्रसंग याच मूल्याची दुसरी बाजू. सभा भरलेली आहे, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंतांना हा रितेपणा सोसवत नाही. ते वर चढून बसतात. पण या पर्यायी जगातील लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच बंद केली आहे. श्रोते टोमॅटो, अंडी फेकतात. पानिपत जिंकलेल्या समाजाचे सर्वांत ठळक लक्षण म्हणून लेखकाला पराक्रम, साम्राज्य किंवा समृद्धी सुचू शकली असती. त्याने निवडले ते अध्यक्षाविना चालणारी सभा. मराठी अस्मितेच्या हळव्या जागेवर उभे राहून ही थट्टा करायला धैर्य लागते. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून गेल्याचा मजकूर असलेले बखरीचे फाटके पान खिशात घेऊन गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात, राजेंद्र देशपांडे त्यांना आपत्ती-सिद्धान्त आणि पुंजवादाच्या आधारे झाल्या प्रकाराचे स्पष्टीकरण देतो, आणि पंत यापुढे अध्यक्षपदे स्वीकारीत नाहीत. स्पष्टीकरणाचा हा भाग कथेत सर्वांत निर्जीव आहे. तो गाळला असता तरी चालले असते असे मात्र म्हणता येत नाही, कारण गंगाधरपंतांना तो हवा आहे; कारण कळल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही.

ही कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने, संक्षिप्त इंग्रजी रूपात, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली. शीर्षकात पानिपत उरले नाही. मराठीत ‘एखाद्याचे पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आहे, आणि मूळ शीर्षकात गंगाधरपंतांची पानिपतवारी व गंगाधरपंतांची दाणादाण हे दोन्ही अर्थ एकाच श्वासात येतात. इंग्रजीत पहिला अर्थ गेला आणि दुसराही. ज्या प्रदेशात ती लढाई झाली तिथे तर हा श्लेष मुळातच नाही. पानिपत-कर्नाल-अंबाला करीत डेराबस्सीवरून चंदीगडला जाणाऱ्या रस्त्यावर पानिपत हे हातमागाच्या सतरंज्यांचे आणि लोणच्यांचे गाव आहे, बसचा थांबा आहे. डेराबस्सीच्या शाळेत हा पाठ वाचणाऱ्या मुलाला त्या नावात पराभवाची घंटा ऐकू येण्याचे कारण नाही. मराठी मुलाला ती ऐकू येते, आणि म्हणून ‘जिंकलो असतो तर’ या कल्पनेत त्याचे मन गुंतते.

पंजाबच्या स्मृतीत अब्दालीचे स्थान निराळे आहे. पानिपतनंतर सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी १७६२ मध्ये, मालेरकोटल्याजवळ कूप इथे झालेली शिखांची कत्तल ‘वड्डा घल्लुघारा’ म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी अमृतसरच्या हरिमंदिराचा विध्वंस झाला. विश्वासराव वाचले असते तर हे टळले असते काय, मिसलींचे काय झाले असते, रणजितसिंहांचे राज्य उभे राहिले असते काय, हे प्रश्न गंगाधरपंतांच्या मनाला शिवत नाहीत. त्यांचे पर्यायी हिंदुस्थान पुण्याहून पाहिलेले आहे. तो त्यांचा दोष नव्हे, पात्राची मर्यादा आहे, आणि व्यक्तिचित्रण म्हणून ती अचूकच आहे: मराठीत इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे पानिपत हे नेहमी शनिवारवाड्यातून दिसणारे पानिपत असते.

पण कथेत एक पात्र असे आहे की ज्याच्याकडे मराठी समीक्षेने पाहिलेले नाही. गाडीच्या डब्यात गंगाधरपंतांना खानसाहेब नावाचे एक सहप्रवासी भेटतात. व्यापारी आहेत, पुष्कळ बोलतात. गंगाधरपंत त्यांचे बोलणे मन लावून ऐकतात, कारण त्या बोलण्यातून या अनोळखी देशाची ओळख होते. खानसाहेब पेशावरला निघाले आहेत. मुंबईहून पुढची गाडी धरून दिल्ली, दिल्लीहून लाहोर, लाहोरहून पेशावर, परवा पोहोचतील, असे ते सांगतात. त्यात कुठेही परवाना किंवा सीमा येत नाही. पुणे-मुंबईच्या मध्ये सरहद्द आहे आणि अमृतसर-लाहोरच्या मध्ये नाही. मराठी वाचक ही वाक्ये सहज ओलांडतो. त्याला उत्सुकता आहे ती पुढच्या बखरीची. पंजाबी वाचकासाठी सारी कथा या वाक्यांपाशी थांबू शकते. १९४७ च्या फाळणीने ज्यांची घरे तोडली त्यांच्या नातवंडांना विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या गोळीहून ही न थांबणारी आगगाडी अधिक अद्भुत वाटेल. गंगाधरपंत मात्र खानसाहेबांना लाहोरविषयी एकही प्रश्न विचारीत नाहीत.